लाकडी मासा आणि अबोला

उम्म अल कुवैनला त्या उन्हाळ्यात मराठी बोलणारी दोनच माणसं होती आणि त्या दोघांमध्ये अबोला होता. त्यातला एक मी. दुसरे आमच्या कॅम्पचे स्वयंपाकी. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना मामू म्हणायचो. म्हणजे बोलत होतो तेव्हा म्हणायचो.

साठच्या दशकातली मधली वर्षं. आज जो अमिरातींचा देश आहे तो तेव्हा व्हायचा होता. विहिरींसाठी जमिनीची पाहणी करणारी एक विलायती कंपनी होती, तिचा कॅम्प गावाबाहेर खोराच्या काठावर. खोर म्हणजे आपली खाडीच. मी तिथे जनरेटर आणि पंप सांभाळायचो. उन्हाळा तापला की साहेब लोक रजेवर आपापल्या घरी जायचे. मागे मी, मामू आणि एक भुरी मांजर. आठवड्यातून एकदा बलुची ड्रायव्हर पिकअप घेऊन यायचा, तासभर बसायचा आणि उकाड्याला शिव्या देत परत जायचा. गावातली बरीच कुटुंबं उन्हाळ्यात आतल्या खजुराच्या बागांकडे गेलेली असत. जे उरत ते दुपारभर झोपत. रस्त्यात कुणी भेटलं तर माझी, माझ्या घरच्यांची, सगळ्यांची खुशाली विचारायचं. मी प्रत्येक प्रश्नाला 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणायचो आणि तिथे माझं अरबी संपायचं.

मी मूळचा रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या उत्तर काठावरचा. मामू त्याच खाडीच्या दक्षिण काठावरचे. मधे फक्त तर, म्हणजे होडीची ये-जा. त्या तरीने मी लहानपणी कितीदा तरी पलीकडे गेलोय, पण मामूंना पहिल्यांदा पाहिलं ते इथे, परातीत पीठ मळताना. कुठले, काय, असं एकमेकांना विचारलं आणि आम्ही दोघंही इतके हसलो की साहेब तंबूतून बाहेर आला. पहिलं वर्ष त्या हसण्यावर निघालं. परमुलखात आपल्या खाडीचं पाणी प्यालेला माणूस भेटणं म्हणजे काय, हे मुंबईत राहणाऱ्याला कळायचं नाही.

मग हा लाकडी मासा आला.

कॅम्पवरच्या एका तरुण साहेबाला मासेमारीचा नाद होता. रजेवर जाताना त्याने आपला रॉड, रीळ आणि एक लाकडी मासा माझ्या हवाली केला. वितीपेक्षा लहान, पांढरा, डोकं लाल, तोंड चमच्यासारखं खोलगट आणि पोटाखाली तीन-तीन अणकुच्यांचे दोन गळ. तो बुडत नसे, पाण्यावर तरंगे. खोरातल्या उथळ पाण्यात गवतच गवत. साधा गळ टाकला की गवतात अडकायचा, आमिष लावलं तर खेकडे दोन मिनिटांत साफ करायचे. हा मात्र गवताच्या वरून जायचा. साहेबाने मला शिकवलं होतं: लांब फेक, पाण्यावरची वर्तुळं पुरती विरेपर्यंत थांब, मग रॉडच्या टोकाला एक हलका झटका दे. लाकडी मासा 'गुळुप' असा आवाज करतो. पुन्हा थांब. घाई केलीस की खलास.

मामूंना हा प्रकार बघवला नाही. "लाकूड टाकून मासा धरणार? अरे, मासा काय एवढा बेवकूफ आहे?" असं ते म्हणाले, आणि नेमकं त्याच संध्याकाळी गवतातून हातभर लांब दागोळ मासा उसळून वर आला आणि त्याने लाकडी मासा गिळायला तोंड वासलं. चंदेरी, चपटा, जबरदस्त ताकदीचा. मी तो ओढून काढला आणि साहजिकच जरा मिजास केली. रात्रीच्या जेवणात त्याचं कालवण झालं. मी म्हणालो, याला आमच्या काठच्या माशाची चव आहे. मामू म्हणाले, तुमच्या काठच्या माशाला चिखलाची चव असते. मी म्हणालो, तुमच्या काठावर जाळ्यापेक्षा जिभाच जास्त चालतात. मामूंनी पळी खाली ठेवली.

खाडी एक. मासा सकाळी या काठाला, दुपारी त्या काठाला. पण भांडायला बसलेल्या माणसाला हे कुणी सांगावं? उलट एका काठाची पोरं दुसऱ्या काठावर दगड फेकत मोठी झाली, ती पोरंच होतो आम्ही, नुसती दाढी आलेली. शब्दाला शब्द लागला, मामू म्हणाले, "आजपासून तुझं माझं बोलणं बंद," आणि मी म्हणालो, "चांगलंच आहे."

आमच्याकडे अबोला ही गंमत नाही. त्याचे कायदे असतात. जेवायला वाढायचं, ते चुकवायचं नाही. आजारी पडला तर औषध उशाशी ठेवायचं. पण तोंड उघडायचं नाही, आणि जो आधी बोलेल तो हरला. अगदीच गरज पडली तर भिंतीला, झाडाला, जनावराला सांगायचं. आमच्याकडे मांजर होती. "माऊ, जेवण तयार आहे म्हणावं," असं मामू चुलीपाशी बसून तिला सांगायचे. "माऊ, डिझेल संपत आलंय, ड्रायव्हर आला की सांगावं म्हणावं," असं मी. मांजर दोघांकडे बघून जांभई द्यायची.

अबोल्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात आम्ही पिकअपमधून दुबईला गेलो. मला पंपाचे सुटे भाग हवे होते, मामूंना तांदूळ-कांदे. आता शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की मला तो रस्ता आठवतो, रस्ता कसला, वाळूत उमटलेल्या चाकोऱ्या. भरतीचं पाणी आलं की थांबायचं. दुबईच्या खाडीत आमच्याकडची एक लाँच लागली होती. धक्क्यावर तिचा एक खलाशी मला भेटला, आमच्याच खाडीतला, दोन्ही काठांना ओळखणारा. त्याने मला मिठी मारली आणि कानात सांगितलं, "मुबारक हो, तुला मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत."

मी तिथेच एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलो. हिवाळ्यात रजेवर घरी जाऊन परत निघालो तेव्हा बायकोला तिसरा महिना होता. मुलगी झाली. माझी. मी खलाशाला विचारलं, कुणासारखी आहे? तो म्हणाला, मी पुरुष माणूस, मला काय ठाऊक, पण रडते जोरात, तरीच्या धक्क्यापर्यंत ऐकू येतं. मी हसलो, रडलो, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ही गोष्ट मामूंना सांगायला हवी. आत्ता, लगेच. ती तरीची होडी, तो धक्का, ते अंतर समजणारा दुसरा माणूस या वाळवंटात नव्हता.

परतताना आम्ही दोघं पिकअपच्या मागे पोत्यांवर बसलो होतो. ड्रायव्हर पुढे. मामू समुद्राकडे तोंड करून बसले होते, एकदाही माझ्याकडे वळले नाहीत. मला वाटलं, खलाशी यांनाही भेटला असणार, त्याने सांगितलंच असणार. आणि हा माणूस 'मुबारक' एवढाही एक शब्द बोलत नाही! माझा संताप झाला. ठरवलं, आता तर मी मेलो तरी आधी बोलणार नाही.

ड्रायव्हरला मी सांगितलं. तो "माशाल्ला, माशाल्ला" म्हणाला आणि गिअर बदलला. गावातल्या दुकानदाराला हातवारे करून सांगितलं, त्याने "मबरूक" म्हणून खजूर दिले. मला त्यांचं वाईट वाटलं नाही, त्यांनी त्यांच्या परीने केलं. पण माझ्या पोटातलं काही हललं नाही. मला कुणीतरी 'कुणावर गेली रे?' असं विचारायला हवं होतं. 'नाव काय ठेवताय?' असं. मांजरीकडून निरोप पाठवावा असं एकदा मनात आलं, पण मुलगी झाल्याची खबर मांजरीकरवी द्यायला माझं मन धजेना. ती खबर मी पूर्ण उन्हाळा तशीच जवळ बाळगली.

मासे धरायला मात्र आम्ही रोज एकत्र जायचो. त्याला इलाज नव्हता. टिनमधलं खाऊन जीव विटला होता, आणि ते काम एकट्याचं नव्हतं. रॉड एकच. एकाने फेकायचं, दुसऱ्याने टोपली आणि जाड फडकं घेऊन मागे उभं राहायचं. दागोळ लागला की तो गवतात घुसतो, दोरी गवताच्या जुडीसकट गुंडाळतो. मग दुसऱ्याने गुडघाभर पाण्यातून जाऊन फडक्यात मासा धरायचा, सांभाळून, कारण त्याच्या पाठीवरचे आणि पोटाखालचे काटे टोचले तर हात संध्याकाळभर ठणकतो. मासा टोपलीत गेला की रॉड दुसऱ्याच्या हातात. असा आमचा पाळीचा नियम होता, न बोलता ठरलेला.

सूर्य कलला की निघायचं. पाणी तेव्हाही कढत असायचं, नुसतं काठाशी जरा सुसह्य. पायाखाली गवत मऊ, मधेच वाळूचे मोकळे पट्टे, पलीकडे तिवरांची रांग. तिवर पाहून आम्हा दोघांनाही एकच आठवत असणार, पण ते तोंडून काढायचं कुणी? मी फेकायचो. वर्तुळं विरायची. एक झटका. गुळुप. पुन्हा शांतता. कधीकधी टोळ मासे नुसते उड्या मारत लाकडी माशाच्या मागे यायचे आणि लांबट चोच आपटून निघून जायचे. कधी पाणी एकदम फाटल्यासारखं व्हायचं आणि मासा हुकायचा. अशा वेळी माणूस ओरडतोच, "अरे गेला!" असं. आम्ही दोघंही तोंड दाबून उभे राहायचो. पाठीमागे मामूंचा श्वास ऐकू यायचा, तेवढाच काय तो सोबतीला.

एकटेपण मी आधीही पाहिलं होतं, लाँचच्या तळात, मुंबईच्या मुसाफिरखान्यात. पण हातभर अंतरावर आपला माणूस असताना जे एकटेपण येतं ते फार वाईट. मला रडू यायचं. मी रॉड घट्ट धरून पुढे बघत राहायचो.

त्या उन्हाळ्यात एकदा मामूंनी शिरा केला. भरपूर तूप, वेलची, काजूही होते, कुठून पैदा केले देव जाणे. आधी उदबत्ती लावून ते बराच वेळ आत एकटे बसले होते. मग माझ्यापुढे भरलेली बशी ठेवली आणि उभे राहिले. मला आनंद झाला. वाटलं, शेवटी विरघळला माणूस. शब्द नाही निघाला, पण मुलीच्या नावाने तोंड गोड केलं. मी वर बघून हसलो. मामूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याचा अर्थ लागेना. मी सगळी बशी चाटूनपुसून खाल्ली, आणखी मागून खाल्ली, म्हणजे बशी नुसती पुढे केली. त्यांनी वाढलं. तरी बोलले नाहीत, म्हणून मीही बोललो नाही.

मग उन्हाळा उतरणीला लागला तेव्हाची ती संध्याकाळ. पाळी मामूंची होती, रॉड त्यांच्या हातात. दागोळ लागला आणि गवतात शिरला. मी टोपली मामूंजवळ टाकून फडकं घेऊन त्याच्याकडे निघालो, घाईत, पाय उचलून. खोरात असं चालायचं नसतं, पाय घासत चालायचं असतं, म्हणजे वाळूत लपलेलं पाकट चाहूल लागून आधीच निघून जातं. त्याच्या शेपटीचा काटा पायात गेला तर माणूस जन्मभर लंगडतो, जगला तर. आम्हा खाडीकाठच्या माणसांना हे सांगावं लागत नाही. पण माझं लक्ष माशावर होतं.

"पाकट! हलू नकोस! पाय जिथे आहे तिथे ठेव!"

मी गोठलो. माझ्या पायापुढे वीतभर अंतरावर वाळू जराशी उठली होती आणि तिला दोन डोळे होते. मामूंनी हातातला रॉड तसाच पाण्यात टाकून दिला, मोठ्या ढांगांनी पाणी खळबळवत बाजूने आले आणि टोपली पाण्यावर आपटली. वाळू उडाली, काळी परातीएवढी सावली सरसरत निघून गेली. दागोळही सुटला. लाकडी मासा पाण्यावर डुलत राहिला.

मामूंनी माझं मनगट धरून मला काठावर आणलं आणि आम्ही ओल्या वाळूत बसलो. ते आधी बोलले होते. मी जिंकलो होतो. पण माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "मामू, मला मुलगी झाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. "काय?"

"मुलगी. त्या दिवशी दुबईला खलाशाने सांगितलं. तुम्हाला नाही बोलला?"

"नाही रे. शपथ. मला नाही बोलला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माशाल्ला. कानात अजान कुणी दिली?"

"सासऱ्यांनी दिली असेल."

"कुणावर गेली?"

त्या एका प्रश्नासाठी मी किती दिवस थांबलो होतो! मी सांगत सुटलो. मला काहीच ठाऊक नव्हतं, तरी सांगत सुटलो. रडणं तरीच्या धक्क्यापर्यंत ऐकू येतं हे सांगितलं, आईने नाव काय सुचवलं असेल ते सांगितलं. मामू मान हलवत ऐकत होते, हसतही होते. मग मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "त्याच खलाशाने मला सांगितलं, माझी आई गेली."

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"मला वाटलं तुला माहीत आहे," ते म्हणाले. "दोघांनाही भेटला तो. एकाच खाडीची खबर, एकाला सांगून दुसऱ्याला कशी सांगणार नाही?"

का सांगितली नव्हती ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं, त्यांनाही कळलं असावं. आमच्याकडे बाळाची खबर देताना त्याच तोंडाने मयताची खबर देत नाहीत. आणि मयताच्या घरी दुसऱ्याच्या बाळाचं कौतुक सांगत नाहीत. खलाशाने रीत पाळली होती. बाकीचं हे दोघं एकमेकांना सांगतीलच, एका चुलीवर जेवतात, असं त्याने धरलं असणार.

आमच्याकडे दुसरीही एक रीत आहे. मयत झालं की अबोला तिथल्या तिथे सुटतो. पिढ्यान्पिढ्यांचं वैर असलेला माणूसही येऊन दारात बसतो, नाही आला तर ते कुणी विसरत नाही. मामू पूर्ण उन्हाळा वाट बघत होते, मी येऊन त्यांच्या शेजारी बसेन म्हणून. रोज संध्याकाळी माझ्यामागे टोपली घेऊन पाण्यात उभे राहत होते, आणि त्यांच्या मते मला सगळं ठाऊक होतं.

"तो शिरा," मी म्हणालो.

"आईच्या चाळिसाव्या दिवसाचा. फातेहा मीच दिली, दुसरं होतं कोण? तू हसलास तेव्हा वाटलं, हा माणूसच नाही."

मी त्यांचे हात धरले. मयताची खबर कळली की म्हणायचं ते "इन्ना लिल्लाही" म्हणालो, उशिरा, पण म्हणालो. आम्ही दोघांनी तिथेच हात पसरून फातेहा वाचली. लुंग्या भिजलेल्या, अंगाला गवत चिकटलेलं. दिवस मावळला होता, अजून उजेड होता.

मग मामूंनी विचारलं, "तू तरीने आमच्याकडे यायचास ना? लहानपणी?"

"खूपदा."

"धक्क्यावरून चढलं की उजव्या हाताचं पहिलं घर आमचं. आई सकाळी पायरीवर बसायची, कालवं फोडत. तू पाहिलं असशील." ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "आठव जरा. इथे दुसऱ्या कुणाला विचारू मी? या अख्ख्या मुलखात तिला पाहिलेला माणूस असला तर तूच."

मी आठवलं. खरंच आठवलं. तो धक्का डोळ्यांसमोर आला, चढणीचे दगड आले, शिंपल्यांचे ढीग आले. पायऱ्यापायऱ्यांवर बायका बसलेल्या होत्या, सगळ्यांच्या हातात कोयते, सगळ्यांच्या माना खाली. एकीचाही चेहरा दिसेना.

"पाहिलंय," मी म्हणालो. "ओरडायच्या आम्हाला, शिंपल्यांवरून अनवाणी पळू नका म्हणून."

मामूंचा बांध एकदम फुटला. "हां," ते म्हणाले, "तीच. तीच ती. अशीच ओरडायची." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून ते मोठ्याने रडायला लागले, उन्हाळाभराचं.

मी त्यांना धरून बसलो आणि त्या पायरीवरची बाई दिसते का ते बघत राहिलो. अजून बघतो.